माईकचं तोंड कुणाकडे?

प्रसिद्ध स्त्रिया इतर स्त्रियांसाठी जी भाषणं करतात, ती ऐकताना मला अलीकडे एक खोड लागली आहे. मी त्यातली क्रियापदं मोजते. स्वप्नं बघा. घाबरू नका. स्वतःवर विश्वास ठेवा. आवाज उठवा. थांबू नका. सगळी आज्ञार्थी, आणि सगळी समोर बसलेल्या बाईला उद्देशून. म्हणजे जिच्या हातात फारसं काही नाही, तिनेच सगळं करायचं. ज्यांच्याकडे पगार ठरवण्याचा, करार लिहिण्याचा, वेळापत्रक लावण्याचा, कोणाला निवडायचं नि कोणाला वगळायचं हे ठरवण्याचा अधिकार आहे, त्यांच्या वाट्याला अख्ख्या भाषणात एकही क्रियापद येत नाही. ते बहुधा पहिल्याच रांगेत असतात. टाळ्याही मनापासून वाजवतात, आणि का वाजवू नयेत? त्यांच्याकडे कोणी काही मागितलेलंच नसतं.

अशा भाषणांना मीही टाळ्या वाजवल्या आहेत, त्यामुळे कुणाची टिंगल करण्याचा हेतू नाही. बोलणारी बाई बहुतेक वेळा खरीच असते. ती स्वतः खस्ता खाऊन वर आलेली असते आणि आपल्याला जे उपयोगी पडलं ते सांगत असते. तरी 'व्यासपीठाचा उपयोग' असं आपण ज्याला म्हणतो, तो नेमका कशाचा उपयोग, हे एकदा विचारायला हवं. प्रसिद्धी हे भांडवल आहे. ते दोन ठिकाणी लावता येतं. श्रोत्या स्त्रियांकडे तोंड करून त्यांना धीर देता येतो. किंवा माईक वळवून, ज्यांच्याकडे किल्ल्या आहेत त्यांच्याकडे, सगळ्यांदेखत, काहीतरी ठरावीक मागता येतं. पहिल्यात वक्त्याचं काही जात नाही. दुसऱ्यात जाऊ शकतं. माझ्या मते सक्षमीकरण हा शब्द दुसऱ्यासाठी राखून ठेवावा.

बिली जीन किंगचं उदाहरण टेनिस न बघणाऱ्यांनाही ठाऊक असतं, पण बहुतेकांना त्यातला चुकीचा भाग ठाऊक असतो. सप्टेंबर १९७३ मध्ये तिने पंचावन्न वर्षांच्या बॉबी रिग्जला सरळ तीन सेटमध्ये हरवलं, तो सामना. तमाशा म्हणून तो झकास होता. पण खरं काम त्याआधीच झालेलं होतं. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेतीला १,५०० डॉलर मिळणार होते. त्यावर किंगसकट नऊ जणींनी ह्यूस्टनमध्ये वेगळी स्पर्धा खेळायचं ठरवलं आणि प्रत्येकीने एक डॉलर घेऊन करारावर सही केली. राष्ट्रीय संघटनेने त्यांना निलंबित केलं. १९७२ मध्ये किंग अमेरिकन ओपन जिंकली तेव्हा तिला १०,००० डॉलर मिळाले आणि पुरुष विजेता इली नास्तासेला २५,०००. पुढच्या वर्षी रक्कम सारखी नसेल तर मी येणार नाही, असं तिने सांगितलं. तूट भरून काढणारा प्रायोजक उभा राहिला आणि १९७३ पासून त्या स्पर्धेत स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस मिळू लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये, विम्बल्डनच्या तोंडावर, लंडनच्या एका हॉटेलात खेळाडू स्त्रियांची स्वतःची संघटना स्थापन झाली.

या सगळ्यात किंगने मुलींना 'मोठी स्वप्नं बघा' असं सांगितलं असेलही, पण ते दुय्यम होतं. तिने आकडा बोलून दाखवला, तारीख दिली आणि न मिळाल्यास आपण काय करू हेही सांगितलं. ती तेव्हा विजेती होती, म्हणजे तिच्या न येण्याने आयोजकांचं नुकसान झालं असतं. नवख्या, पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूने हीच धमकी दिली असती तर कोणी मान वर करूनही पाहिलं नसतं. प्रसिद्धीचा अर्थ मला इथे कळतो. आपण नसल्याने समोरच्याचं अडतं, ही गोष्ट ज्यांच्या नसण्याने कोणाचंच अडत नाही त्यांच्यासाठी वापरणं.

आणि एकदा मागून भागत नाही, हेही याच खेळात दिसलं. विम्बल्डनला सारखं बक्षीस यायला २००७ उजाडलं, चौतीस वर्षांनी. तेव्हाही ते आपोआप आलं नाही. व्हीनस विल्यम्सने २००५ मध्ये अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी आयोजकांच्या बैठकीत जाऊन बाजू मांडली, दुसऱ्या वर्षी वर्तमानपत्रात लेख लिहिला. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी! खेळाडूने त्या दिवशी विश्रांती घ्यायची असते.

आपल्याकडे हे कोणी केलं, असा प्रश्न मनात आला तर टेनिसच्याही खूप मागे जावं लागतं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. त्या काळात एका बाईला मिळालेली ही केवढी मोठी प्रसिद्धी! संस्कृत जाणणारी, पुराण सांगणारी, सभेत बोलणारी तरुण बाई हा लोकांच्या दृष्टीने चमत्कार होता, आणि चमत्कार म्हणून जन्मभर मिरवता आलं असतं. चार वर्षांनी, नवऱ्याच्या मृत्यूनंतर, लहान मुलीला घेऊन त्या पुण्यात आल्या. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणारा हंटर आयोग तिथे आला तेव्हा त्यांनी साक्ष दिली. त्या साक्षीत स्त्रियांना उपदेश नव्हता. सरकारकडे मागण्या होत्या : मुलींना शिकवायला प्रशिक्षित शिक्षिका हव्यात, त्यांच्या शाळा तपासायला स्त्री निरीक्षक हव्यात, आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण घेता आलं पाहिजे. देशातले शंभरातले नव्व्याण्णव शिकलेले पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत आणि बाईची एवढीशी चूक दिसली की ते राईचा पर्वत करतात, हेही त्यांनी त्याच आयोगासमोर सांगून टाकलं. वय चोवीस.

मला या साक्षीतला 'निरीक्षक' हा तपशील फार आवडतो. शाळा काढा, एवढं कोणीही म्हणेल. पण शाळा तपासायला येणारा पुरुष असेल तर मुलींच्या शाळेत काय काय घडू शकतं, याचा विचार आधी करावा लागतो, तेव्हा ही मागणी सुचते. पुढे अमेरिकेत व्याख्यानं देत फिरून, पुस्तक लिहून त्यांनी जो पैसा आणि जी माणसं उभी केली, त्यातून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, नंतरच्या आनंदीबाई कर्वे. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई तिथल्या मुलींनाही त्या धर्माकडे ओढतात, या आरोपावरून मग वादळ उठलं, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून घेतल्या. त्या वादात कोण किती बरोबर होतं यावर अजून भांडता येईल. पण व्याख्यानं संपल्यावर मागे काय उरलं, या प्रश्नाला तिथे इमारत, वसतिगृह आणि नावानिशी विद्यार्थिनी असं उत्तर आहे.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं ऐकलं पाहिजे, कारण ते कच्चं नाही. लोक म्हणतील, प्रेरणेला तुम्ही इतकं हलकं का लेखता? एखादी बाई नुसती तिथे दिसली, तरी मुलींच्या डोक्यात काहीतरी हलतंच की.

हलतं. त्याचा मला माहीत असलेला सर्वांत भक्कम पुरावा एखाद्या तारकेचा नाही, पश्चिम बंगालमधल्या सरपंच बायकांचा आहे. १९९३ च्या पंचायत कायद्याने एक तृतीयांश पदं स्त्रियांसाठी राखीव झाली आणि ती कोणत्या गावांत जाणार हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरत होतं. अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९५ गावांमधल्या अकरा ते पंधरा वयाच्या मुलामुलींकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून माहिती गोळा केली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे लागोपाठ दोन वेळा स्त्री प्रमुख होती, तिथे मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांमधली दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली होती. शिक्षणातली दरी तर बुजूनच गेली होती. मुलींचा घरकामात जाणारा वेळही घटला होता. त्या गावांत तरुण स्त्रियांसाठी नव्या नोकऱ्या आल्या होत्या म्हणावं, तर तसं काही आढळलं नाही. म्हणजे बदल घडवला तो समोर दिसणाऱ्या उदाहरणाने.

हा पुरावा माझ्या विरोधात जातो असं वाटेल. मला तसं वाटत नाही. त्या बायकांनी मुलींना प्रेरणा देण्यासाठी काही केलं नव्हतं. त्या निर्णय घेत होत्या, सह्या करत होत्या, पुरुष त्यांच्याकडे कामं घेऊन येत होते, आणि मुली हे पाहत होत्या. त्यांना प्रेरणा मिळाली ती बाईच्या हातात असलेल्या अधिकाराच्या दर्शनातून, तेही पाच-दहा वर्षं रोज होणाऱ्या. शिवाय ती खुर्ची बाईला मिळाली ती कायद्याने. कोणीतरी कधीतरी संसदेकडे तोंड करून ते मागितलं होतं. तासाभराच्या भाषणातून मिळणारी ऊब आणि ही गोष्ट, दोन्हींना आपण 'प्रेरणा' हाच शब्द वापरतो आणि तिथे घोटाळा होतो.

जाहिरातदारांनी हा घोटाळा बरोबर ओळखला आहे. ॲलिसन फेलिक्स ही धावपटू नाइकीकडे गेली त्यामागे, तिनेच लिहिल्याप्रमाणे, एक कारण असं होतं की मुलींच्या उन्नतीसाठी चाललेल्या आपल्या उपक्रमाबद्दल कंपनीतल्या वरिष्ठ स्त्रियांनी तिला सांगितलं होतं. आमच्याबरोबर आलीस तर तुला स्त्रियांना सक्षम करता येईल, असं त्या म्हणाल्या होत्या. पुढे तिने आई व्हायचं ठरवलं. तेव्हा करार नव्याने ठरत होता आणि आधीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम पुढे करण्यात आली. ऑलिंपिकमध्ये सहा सुवर्णपदकं मिळवलेल्या बाईला! पैशाचं तिने एक वेळ सोडून दिलं असतं. तिने मागितलं ते वेगळंच : बाळंतपणाच्या आधी आणि नंतरच्या महिन्यांत माझी कामगिरी उतरली तर दंड होणार नाही, हे करारात लिहून द्या. कंपनी तयार होईना. मे २०१९ मध्ये तिने हे सगळं नावानिशी वर्तमानपत्रात छापून आणलं. तिच्या काही दिवस आधी अलिशिया मोंटान्यो आणि कारा गाउचर या दोन धावपटूंनी आपापली हकिकत सांगितली होती, हे विसरून चालणार नाही. पहिला धोका त्यांनी पत्करला. ऑगस्टमध्ये कंपनीने करारातली अट बदलली. गरोदर खेळाडूंचे पैसे अठरा महिन्यांच्या काळात कामगिरीवरून कापले जाणार नाहीत असं ठरलं, आणि ते सगळ्याच खेळाडूंसाठी.

'लिहून द्या' हे दोन शब्द भाषणांमध्ये किती कमी ऐकू येतात.

माईक नुसता वळवूनही पुरत नाही, हे जाता जाता नोंदवते. २०१४ मध्ये अभिनेत्री एमा वॉटसनने संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावरून पुरुषांना साद घातली की ही लढाई तुमचीही आहे. भाषण चांगलं होतं आणि तोंड निदान नेहमीच्या दिशेला नव्हतं. पण 'पुरुष' हा पत्ता फार मोठा आहे. त्यावर टाकलेलं पत्र कोणाच्याच दारात पडत नाही. कोणता पुरुष, कोणत्या खुर्चीतला, त्याने येत्या सोमवारी नेमकं काय करायचं, हे नसेल तर संमती द्यायला सगळेच मोकळे असतात.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. प्रसिद्ध बाईनेच हे सगळं का करायचं? पुरुष नटाला किंवा फलंदाजाला कोणी विचारत नाही, की बाबा रे, तू पुरुषजातीसाठी काय केलंस? त्याने चांगलं खेळलं की पुरे. बाईने मात्र खेळायचं, जिंकायचं, वर समस्त स्त्रीवर्गाचं ओझं वाहायचं, आणि नाही वाहिलं तर स्वार्थी ठरायचं. हे अन्यायाचं आहे. ज्या स्त्रीला फक्त आपलं काम करायचं आहे, तिला तसं करू द्यावं. तिच्यावर माझी काहीही तक्रार नाही. माझं म्हणणं फक्त त्यांच्यापुरतं आहे ज्या स्वतःहून, किंवा त्यांच्या जाहिरात सल्लागारांच्या सांगण्यावरून, 'स्त्रियांसाठी' हा शब्द उचलतात. एकदा तो उचलला की मग हिशेब विचारणं गैर नाही.

आणि हिशेब विचारताना किंमतही दिसली पाहिजे, ती बहुतेक वेळा मोठी असते. मल्याळम चित्रसृष्टीत २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला, त्यानंतर अंजली मेनन, रिमा कल्लिंगल, पार्वती तिरुवोतु अशा काहीजणींनी मिळून 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' स्थापन केलं. त्यांनी मेणबत्त्या लावून थांबायचं नाकारलं. थेट मुख्यमंत्र्यांना भेटून चित्रसृष्टीतल्या स्त्रियांच्या परिस्थितीचा अभ्यास व्हावा असं सांगितलं. निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली गेली. तिने २०१९ च्या डिसेंबरअखेर अहवाल दिला, आणि सरकारने तो साडेचार वर्षांहून अधिक काळ दाबून ठेवला. ऑगस्ट २०२४ मध्ये तो लोकांसमोर आला, तोही काही भाग गाळून. दरम्यान याच संघटनेच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये निकाल दिला की चित्रपटनिर्मिती करणाऱ्यांनाही लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं बंधनकारक आहे. या बायकांना त्याबद्दल काय मिळालं? काम कमी झालं. बोलणाऱ्या स्त्रियांना वगळलं जातं, हे अहवालानेच नोंदवलं.

त्या अहवालात लैंगिक छळाचे उल्लेख आहेत आणि बातम्या त्याच्याच झाल्या, ते साहजिक होतं. मी थबकले ते दुसऱ्याच एका नोंदीपाशी. चित्रीकरणाच्या जागी स्वच्छतागृह नसतं, कपडे बदलायला जागा नसते, म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. विशेषतः गर्दीतल्या, नाव नसलेल्या कलाकार. नायिकेकडे या सोयी असलेली व्हॅन असते. म्हणजे जिच्याकडे व्हॅन आहे, तिने जिच्याकडे नाही तिच्यासाठी बोलल्याशिवाय ही गोष्ट कागदावर येणं कठीण होतं. गर्दीतल्या बाईने 'आवाज उठवला' असता तर दुसऱ्या दिवशी तिला बोलावलंच नसतं. तिला धीराची कमतरता नव्हती. तिला संडास हवा होता.

उलट दिशेनेही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी फक्त यशाच्या कथा निवडल्या असं होईल. हॉलिवूडमध्ये २०१७ च्या शेवटी अभिनेत्री लैंगिक छळाबद्दल बोलू लागल्या, तेव्हा अमेरिकेतल्या शेतमजूर स्त्रियांच्या संघटनेने सुमारे सात लाख स्त्रियांच्या वतीने त्यांना पाठिंब्याचं पत्र लिहिलं. शेतावरच्या बायका तारकांना सांगत होत्या की आम्हाला तुमचं दुःख कळतं. लाज वाटावी असाच तो मोठेपणा होता. जानेवारी २०१८ मध्ये या अभिनेत्रींच्या पुढाकाराने 'टाइम्स अप' ही संस्था उभी राहिली, आणि तिच्याबरोबर एक कायदेशीर मदत निधी : वकील परवडत नाही अशा कामगार स्त्रियांना खटला लढता यावा म्हणून. पुढे संस्थेचं काय झालं? न्यूयॉर्कच्या गव्हर्नरवर लैंगिक छळाचे आरोप झाले. आरोप करणाऱ्या एका स्त्रीच्या विश्वासार्हतेवर शंका घेणाऱ्या पत्राचा मसुदा संस्थेच्या अध्यक्षांच्या नजरेखालून गेला होता, हे २०२१ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या अहवालातून बाहेर पडलं. अध्यक्षांनी राजीनामा दिला, मुख्य अधिकाऱ्यांनीही दिला. २०२३ च्या सुरुवातीला संस्थेने काम थांबवलं. माईक ज्यांच्याकडे वळवायचा, त्यांच्याशीच ऊठबस झाली की असं होतं. पण बंद होताना उरलेले पैसे त्या मदत निधीकडे गेले, कारण निधी पहिल्यापासून दुसऱ्या, जुन्या संस्थेच्या हाती सोपवलेला होता. त्या जानेवारीत तारकांनी निषेध म्हणून लाल गालिच्यावर घातलेले काळे पोशाख आता कोणाला आठवत नाहीत.

फेलिक्सची गोष्ट मी अर्धवट सोडली. ती नंतर पुन्हा पळाली, टोकियोत आणखी दोन पदकं मिळवली, निवृत्त झाली आणि ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगावर निवडून आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या वसतीत प्रथमच बाळांसाठी खोली होती, तिच्या पुढाकाराने उभी राहिलेली. डायपर बदलायला टेबल, दूध पाजायला निवांत जागा, खेळणी. ऑलिंपिकमध्ये स्त्रिया १९०० पासून खेळत होत्या.